केस मुळासकट हवेत

लॅबच्या कागदावर ठळक छापलंय:
केस मुळासकट हवेत. कापलेले चालणार नाहीत.
म्हणून माख्तेल्ड बारोनच्या खांद्याला टेकून उभी राहते,
पाठीवरचे राठ केस चिमट्यात पकडते
आणि हिसका देते.
बारोन कान हलवतो. एवढंच.
तीनशे किलोंचा देह, मांड्या अशा
की मागून पाहिलं तर भट्टीत दोन पाव
फुगून एकमेकांना चिकटलेत.

अशा डुकरांना आवाज चढवून हाकायचं नसतं.
इझर नदीकाठच्या या सपाट मुलखात
लहान पोरांनाही ते ठाऊक:
शेडमध्ये पळू नका, दार आपटू नका,
भांडायचं तर रस्त्यावर जाऊन भांडा.

त्र्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये
ट्रकमध्ये चढवली चौदा, उतरली अकरा.
तिघं वाटेतच बसली.
शेपट्या थरथरल्या, कातडीवर लालनिळे नकाशे उमटले,
अंग इतकं तापलं की हात ठेववेना,
मग लाकडं झाली.
खाटीक म्हणाला, उरलेल्यांचंही मांस पांढरट,
पाणी सुटलेलं, बोट लावलं तर खड्डा राहतो.
ओदील, तिचा बाप, म्हणाला, धसका घेतला.
जणू धसका बाहेरून येतो,
वाऱ्यासारखा, टॅक्सवाल्यासारखा.

त्याआधी मास्क होता.
आठ आठवड्यांच्या पिलाच्या नाकावर रबरी वाटी,
गोडसर वास, ओदीलच्या हातात घड्याळ,
तीन मिनिटं.
काही पिलं सैल पडायची, ओल्या फडक्यासारखी.
काहींचे मागचे पाय ताठ व्हायचे.
त्यांच्या पाठीवर निळी रेघ.
खडू धरायला सात वर्षांची माख्तेल्ड.
तिला वाटायचं रेघवाली जाणार.
ओदील रेघवालीच ठेवायचा.
ताठ पाय म्हणजे जाड मांडी,
जाड मांडी म्हणजे शेडला नवं छप्पर.
हे त्यानं कधी लपवलं नाही.

आता मास्क नाही. पाकीट येतं.
अठराशे त्रेचाळिसाव्या जागी एक अक्षर वेगळं,
कुणीतरी ध चा मा केलेला,
आणि स्नायूतलं एक दार
उघडतं ते मिटतच नाही.
एकाच बाजूनं आलं असेल
तर जनावर गपचूप पुढे नेतं.
दोन्हीकडून आलं असेल तर ऑगस्ट.

बारोन: दोन्हीकडून.

माख्तेल्ड निकाल स्वयंपाकघरात वाचते.
ओदील, वय एक्क्याऐंशी, कॉफीत बिस्कीट बुडवून बसलाय.
आईकडूनही?
आईकडूनही.
बिस्कीट तुटून कपात पडतं. तो काढत नाही.
म्हणतो, कामीलचंही असंच झालं.
कामील, त्याचा धाकटा भाऊ, फोटोतला,
एकोणीस वर्षांचा, हर्नियाच्या ऑपरेशनला गेलेला.
घरात एवढंच सांगायचे की पोरानं धसका घेतला.
डॉक्टर बर्फ मागत होते, ओदील म्हणतो.
नन बादल्या घेऊन पळत होत्या.
आणि जबडा. जबडा उघडेना.
मी मास्क धरायचो ना, दर वेळी...
पुढचं तो कपाला सांगतो.

लॅब डुकरांची आहे.
फॉर्मवर बारा ओळी, अकरा भरलेल्या,
बारावीकडे माख्तेल्ड जरा जास्तच वेळ बघते.
मग दातांच्या दवाखान्यात फोन लावते.
योरिसच्या अक्कलदाढा शुक्रवारी काढायच्यात, चारही,
पूर्ण भूल देऊन.
थांबा म्हणतात. संगीत वाजतं.
मग एक तरुण आवाज: पुढे ढकलायचं?
कारण काय लिहू?

धसका हा शब्द त्या कॉम्प्युटरात नसणार.
माख्तेल्ड म्हणते, एक मिनिट,
आणि निकालाचा कागद उलटा करून
त्यावर पेनानं काकांचं नाव लिहिते,
आडनावासकट.
बाहेर बारोन भिंतीला अंग घासतोय,
अगदी शांतपणे.